सावकारांच्या पैशावरची फौज

माधवराव पेशव्यांनी १७६९ साली पुण्यात नायगाव या जुन्या खेड्याच्या जागी सदाशिव पेठ वसवली आणि तिला पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव दिले. पुढच्या काळात या पेठेत सरदार आणि सावकार शेजारी-शेजारी वाडे बांधून राहू लागले. शनिवारवाड्यातला कारभार, सरदारांची फौज आणि सावकारांची पेढी यांचे अंतर पुण्यात पायी चालण्याएवढेच होते, आणि पुष्कळदा या तिघांत सोयरिकीही होत.

या जवळिकीचे मूळ फौजेच्या खर्चात होते. दसऱ्याला मोहीम निघायची तर स्वतःचे घोडे घेऊन येणाऱ्या शिलेदारांना नालबंदीची, म्हणजे तयारीची आगाऊ, रक्कम आधी द्यावी लागे. वसूल मात्र पिके हाती आल्यावर येई. मधल्या काळातला पैसा सावकार पुरवत. त्यांना सरकार एखाद्या महालाच्या वसुलावर वरात, म्हणजे पैसे देण्याचा हुकूम, काढून देई. मामलेदारही साल सुरू होताना सरकारात आगाऊ रसद भरत, तीही बहुधा कर्ज काढूनच. त्यामुळे मागच्या मोहिमेचे कर्ज फेडायला पुढची मोहीम लागे. थोरल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत शत्रूपेक्षा सावकारांचीच धास्ती जास्त दिसते.

कर्ज देणारा कारभारावर हक्क कसा सांगू लागतो, हे १७४० सालीच दिसले. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सावकार, शिवाय व्याही घराण्यातले. बाजीराव वारल्यावर त्यांनी थेट पेशवेपदच मागितले. नागपूरचे रघूजी भोसले त्यांच्या पाठीशी होते, आणि बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना अडवण्यासाठी नाईकांनी जुन्या कर्जाचा तगादा लावला. छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे नानासाहेबांनाच दिली. पुढे हेच नाईक कर्नाटकच्या स्वारीत सरदार म्हणून दिसतात. पेढी आणि पथक एकाच हाती गेले होते.

माधवरावांना हा फास कळला होता. १७७२ साली थेऊरला मृत्युशय्येवर असताना त्यांनी दिलेल्या सूचनांत कर्जफेडीची गोष्ट ठळक होती. पण दुसरा धोका तोवर घरात आला होता. भाऊंनी इब्राहिमखानाच्या गारद्यांना चाकरीत घेतल्यापासून रोख पगारावरचे कवायती पायदळ पेशवाईत रुजले होते. वतनाची किंवा मुलखाची ओढ नसलेली ही फौज केवळ पगाराला बांधलेली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराची ओरड करत सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार शनिवारवाड्यात शिरले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. या गारद्यांमागे नारायणरावांचे चुलते राघोबादादा यांचा हात होता.

शतक संपता-संपता हे भाडोत्री बळ खासगी वाड्यांच्या देवड्यांवरही आले. सदाशिव पेठेतले खुन्या मुरलीधराचे देऊळ त्याची साक्ष आहे. दादा गद्रे या धनाढ्य सावकाराने ते १७९७ च्या सुमारास बांधले. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी गद्र्यांच्या पहाऱ्यावरचे अरब आणि पेशव्यांच्या चाकरीतल्या बॉइड या अमेरिकन सेनानीची पलटण यांच्यात चकमक झाली, माणसे मेली, आणि देवाला हे नाव चिकटले. हीच मूर्ती पेशव्यांना हवी होती आणि सावकाराने ती नाकारली, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी सावकाराचे शिपाई आणि सरकारची पलटण भर पेठेत एकमेकांवर शस्त्र चालवतात, ही गोष्ट राज्याची अवस्था सांगायला पुरेशी आहे.

पुढच्याच वर्षी सावकारांवर संकट कोसळले. दुसऱ्या बाजीरावाने गादीसाठी दौलतराव शिंद्यांना कोटींच्या घरातली रक्कम कबूल केली होती. शिंद्यांना ती हवीच होती, कारण द बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या आणि पुढे पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाती गेलेल्या कवायती पलटणींना आणि आग्र्याच्या तोफांच्या कारखान्याला रोख पैसा लागे. खजिन्यात तो नव्हता. ३१ डिसेंबर १७९७ रोजी पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस दगा देऊन पकडले गेले आणि वसुलीचे काम शिंद्यांचा होऊ घातलेला सासरा सर्जेराव घाटगे याच्याकडे आले. त्याने १७९८ साली पुण्यातल्या श्रीमंतांना पकडून, मारझोड करून पैसा उकळला. तापलेल्या तोफेला माणसे बांधल्याचेही नोंदले गेले आहे. ज्या फौजांच्या खर्चावर पेढ्या मोठ्या झाल्या, त्यांच्यातलीच एक फौज आता त्यांच्या दारात उभी होती. ही फौज शिंद्यांनाही बांधलेली नव्हती: १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटताच पेराँ आपली मिळकत घेऊन त्यांच्याच आश्रयाला गेला.

बडोद्याला गायकवाडांकडे हीच रचना आणखी उघडी होती. पगारासाठी सावकार पैसा देत, त्याच्या फेडीला अरब जमादार जामीन राहत, आणि दरबार दोघांच्या मुठीत असे. १८०२ नंतर ईस्ट इंडिया कंपनीने अरबांना हटवले, त्यांची बहांदरी, म्हणजे जामिनकी, स्वतःकडे घेतली आणि राज्यही अंकित केले.

कंपनी तरी वेगळी कुठे होती? व्यापार, फौज आणि १७६५ पासून बंगालची दिवाणी तिच्या एकाच हाती होती, आणि तिच्या नोकरांनी बंगाल धुऊन नेला. पण १७७३ आणि १७८४ च्या कायद्यांनी लंडनच्या पार्लमेंटने तिच्यावर देखरेख बसवली, तिचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर खटला चालला. तो निर्दोष सुटला, तरी जाब विचारणारी जागा उभी राहिली. अशा देखरेखीची गरज पुढेही संपली नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः सेनापती होते. १९६१ साली निरोपाच्या भाषणात त्यांनी फौज आणि शस्त्रनिर्मितीचे कारखाने यांच्या युतीवर नागरिकांनी लक्ष ठेवावे असे बजावले, तेही याच कारणाने.

पुण्यात अशी जाब विचारणारी जागा पूर्वी थोडीफार होती. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे होते, हिशेब तपासणारे हुजूर दफ्तर होते. रामशास्त्री १७८९ साली वारले, आणि दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने विकायला काढून दफ्तराकडे पाठ फिरवली. कारभारी, सरदार आणि सावकार या तिघांच्या बाहेरचा, त्यांना हिशेब मागणारा कोणी उरला नाही, म्हणूनच १७९८ साली पुणेकरांना दाद मागायला दार नव्हते.