तळटीप : ‘अमेरिकेतील ते इनाम’

* पनवेल तालुक्यातील डोंगरवाड्यांवरील नेत्रतपासणीच्या ओघात लेखकाने ज्या इनामाचा ओझरता उल्लेख केला आहे, ते लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक होय. जेरोम व डोरोथी लेमेल्सन या दांपत्याने 1994 मध्ये स्थापिलेल्या उपक्रमातून हे पाच लक्ष डॉलरांचे पारितोषिक, होतकरू उमेदवारास अथवा निवृत्त कीर्तिवंतास नव्हे, तर ज्याच्या शोधांचा लोकोपयोग सिद्ध झाला आहे आणि ज्याच्या हातून अद्याप पुष्कळ घडावयाचे आहे, अशा मध्यवयीन कारकिर्दीच्या संशोधकास दिले जाई. 2016 साली ते नाशिकचे रमेश रासकर यांस मिळाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे हे विद्यार्थी, प्रकाशाची गतीही टिपणाऱ्या, सेकंदास एक लक्ष कोटी चित्रांच्या वेगाच्या छायाचित्रणामुळे जगास ठाऊक झाले; प्रस्तुत ग्रंथास मात्र त्यांचे ‘नेत्र’ हे साधन अधिक निकटचे. मोबाइलच्या पडद्यावर स्वस्त भिंगाची जोडणी बसवावी, पाहणाऱ्याने आत दिसणाऱ्या दोन रंगीत रेषा कळ दाबून एकमेकींवर आणाव्यात, आणि त्या किती सरकवाव्या लागल्या यावरून चष्म्याचा नंबर काढावा, अशी त्याची योजना असून, अवजड यंत्रे जेथे चढविणे दुरापास्त, तेथे तिचे मोल निराळे सांगावयास नको. दात्याविषयीही एक गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल : सहाशेंहून अधिक पेटंटांचा हा धनी अनेक कारखानदारांच्या लेखी केवळ वसुलीबहाद्दर होता, आणि यंत्रदृष्टीसंबंधी त्याचे दावे, त्याच्या निधनानंतर, 2004 मध्ये अमेरिकी न्यायालयाने अंमलबजावणीस अपात्र ठरविले. — संपादक