अब्बांचा डोळा आणि अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र

अब्बांच्या उजव्या डोळ्यासमोर आधी काळे धागे तरंगू लागले. मग एका सकाळी सगळंच लालसर, धूसर झालं. वीस वर्षांची शुगर. पडद्यावर उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत रक्त उतरलं होतं. त्याआधी त्यांनी पडदा कधी तपासलाच नव्हता. ‘दिसतंय की मला,’ एवढंच म्हणायचे.

ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर चाचा मला सांगत होते, ‘हे सगळं आपल्याच लोकांनी शोधलंय.’

अगदीच खोटं नव्हतं ते. मोसुलचा अम्मार बिन अली हजार वर्षांपूर्वी, खलिफा अल-हाकिमच्या काळात, इजिप्तमध्ये डोळ्यांचा हकीम होता. पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढायची रीत त्याने लिहून ठेवली आहे. पण मोतीबिंदू बाहुलीच्या लगेच मागे असतो. त्याच्याही मागे जेली, आणि अगदी तळाशी पडदा. जेलीला हात लावला की डोळा गेला, असं विसाव्या शतकातले डॉक्टरही मानत.

ती भीती मोडली मायामीत. रॉबर्ट माखेमर या जर्मन डॉक्टरने घरच्या गॅरेजमध्ये ड्रिलचं पातं मोटारीला जोडून अंड्याच्या पांढऱ्यावर प्रयोग केले. जेली नुसती ओढली तर पडद्याला हिसका बसतो. म्हणून ती आतच कापायची, कापलेली शोषायची आणि डोळा पिचकू नये म्हणून तेवढंच पाणी आत सोडायचं. 1970 साली त्याने ज्या पहिल्या रुग्णावर हे केलं, त्याच्याही डोळ्यात मधुमेहामुळेच रक्त साचलं होतं. हे वाचताना मला अब्बाच दिसले.

तेव्हाचं छिद्र 2.3 मिलिमीटरचं होतं, कारण तिन्ही कामं एकाच नळीत होती. 1974 मध्ये ओमॅली आणि हाइन्झ यांनी ती तीन छिद्रांत वाटली आणि प्रत्येक छिद्र 0.9 मिलिमीटरवर आलं. 2002 मध्ये डी ह्वान आणि सहकाऱ्यांनी ते अर्ध्या मिलिमीटरवर आणलं. एवढं बारीक छिद्र बहुधा आपोआप मिटतं. अब्बांनाही टाका पडला नाही.

त्या डोळ्याने त्यांना आता पेपरचे मथळे वाचता येतात. बारीक अक्षर नाही. उशीर झाला होता.

शुगर चाचांनाही आहे. ‘तुम्ही पडदा कधी तपासलात?’ असं मी विचारलं, तर ते इब्न अल-हैथमकडे वळले.