भोजकटचा खून आणि नामानिराळा कृष्ण

अमरावतीच्या पश्चिमेला असलेले भातकुली आज तालुक्याचे गाव आहे, आणि बाहेरच्यांना ते ठाऊक असते ते तिथल्या आदिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे. गावची परंपरा मात्र बरीच मागे जाते. हेच भोजकट, रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेली नगरी, असे इथे सांगितले जाते. मंदिराचा संबंधही रुक्मीशीच जोडला जातो. पुराणातले गाव नकाशावर बोट ठेवून दाखवण्यात नेहमीच जोखीम असते, तरी भोजकट हे काही कवीच्या डोक्यातून निघालेले गाव नाही. भरहुतच्या स्तूपासाठी दान देणाऱ्यांत भोजकटची एक भिक्षुणी आहे, म्हणजे इसवी सनापूर्वीच या नावाचे नांदते गाव होते. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या कारकिर्दीच्या 18 व्या वर्षी भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव 1000 ब्राह्मणांना दान दिले. तो ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकला सापडला. त्यातली अट वाचण्यासारखी आहे: दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांवर चालून जाऊ नये, केल्यास राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. भोजकट राज्य म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्याचा परिसर, एवढे यावरून धरता येते. राजधानी नेमकी भातकुलीच का, यावर खुशाल वाद घालावा. पुढच्या विवेचनाला त्याने बाधा येत नाही, कारण प्रश्न आहे तो भोजकटच्या नावावर पुराणांनी नोंदवलेल्या एका खुनाचा, आणि तो खून ज्याच्या हातून झाला त्याच्याइतकाच, ज्याच्या हातून होऊ दिला गेला नाही त्याचा.

कथेचा पूर्वार्ध वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेले ही इथली श्रद्धा. रुक्मी पाठलागावर निघाला तो भर सभेत प्रतिज्ञा करूनच: कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याखेरीज कुंडिनपुरात, म्हणजे कौंडिण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही. तो हरला. कृष्णाने तलवार उपसली तेव्हा रुक्मिणी पाया पडली, भावाला मारू नका म्हणाली. कृष्णाने हात आवरला, पण मेव्हण्याला त्याच्याच वस्त्राने बांधून त्याच्या मिशा आणि केस वेडेवाकडे भादरले. तेवढ्यात बलराम आला. भागवतातला बलराम इथे काय करतो ते नीट लक्षात ठेवले पाहिजे. तो रुक्मीला सोडवतो, नातलगाला असे विद्रूप करणे म्हणजे त्याला मारल्यासारखेच, असे म्हणून धाकट्या भावाला झापतो, आणि मग रुक्मिणीची समजूत घालतो. रुक्मी प्रतिज्ञेला जागून आपल्या गावी परतला नाही. त्याने भोजकट वसवले आणि तिथेच राहिला.

उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. मधल्या काळात बहिणीच्या मायेपोटी रुक्मीने आपली मुलगी तिच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली होती. मामाची मुलगी करण्याची चाल तेव्हाही होती म्हणायची. पुढे नातीचे, रोचनेचे, लग्न प्रद्युम्नाच्या मुलाशी, अनिरुद्धाशी, ठरले आणि यादवांचे वऱ्हाड भोजकटला आले. लग्न पार पडल्यावर कलिंगाच्या राजाने रुक्मीच्या कानात भरवले की बलरामाला द्यूताचा नाद आहे, पण खेळता येत नाही. डाव मांडला गेला. बलराम 100 हरला, 1000 हरला, 10,000 हरला; कलिंगराजा दात काढून हसला. मग रुक्मीने लाखाचा पण लावला, तो बलरामाने जिंकला, आणि रुक्मी म्हणाला, मीच जिंकलो. त्याहून मोठ्या पणाच्या वेळीही तेच. आकाशवाणी झाली की बलराम धर्माने जिंकला आहे. रुक्मीने तीही उडवून लावली आणि टोमणा मारला की तुम्ही रानात गुरे वळणारे, फासे आणि बाण हे राजांचे काम. बलरामाने लोखंडी परिघ उचलला आणि लग्नाच्या त्या मंगल सभेत मुलीकडच्या यजमानाला जागच्या जागी ठार केले. पळणाऱ्या कलिंगराजाला दहाव्या पावलावर गाठून त्याचे दात पाडले. उरलेल्या राजांचे हात, मांड्या, डोकी फुटली. विष्णुपुराणात हत्यार वेगळे आहे, फासे खेळायच्या पटानेच रुक्मीचा जीव जातो, आणि इतरांसाठी बलराम सोन्याचा खांब उपटतो.

यानंतर पुराणकार जे सांगतात ते मला सगळ्या प्रसंगात महत्त्वाचे वाटते. मेव्हणा मारला गेला, आणि कृष्ण बरे म्हणाला नाही की वाईट म्हणाला नाही. कारणही दिले आहे: रुक्मिणी आणि बलराम, दोघांपैकी कोणाशीही स्नेह तुटू नये म्हणून. विष्णुपुराणात तर त्याला ही गोष्ट ऐकून कळते. म्हणजे कथाकाराने त्याला त्या क्षणी सभेबाहेर ठेवले आहे. मग नवरानवरीला रथात बसवून मंडळी द्वारकेला निघाली. आता जमाखर्च मांडून पाहावा. कृष्णाचा जुना, घरातलाच वैरी संपला. रुक्मिणीच्या विनवणीपुढे त्याने आवरलेला हात आवरलेलाच राहिला. सोयरीकही मोडली नाही, नवरी घरी आली. एवढे सगळे पदरात पडले आणि रक्ताचा एक थेंबही अंगावर उडाला नाही. मराठीत अशा माणसाला नामानिराळा म्हणतात. कथेतला आडदांड, निर्दय सोबती हा बहुतेक वेळा स्वभावातून जन्मत नाही, तो गरजेतून घडवला जातो, असे माझे म्हणणे आहे. नायकाला जे करणे भाग आहे आणि करता येत नाही, ते त्याच्याकडे वर्ग होते. असे काम वर्ग झाल्याची खूण म्हणजे नायकाचे मौन किंवा त्याची गैरहजेरी. भोजकटला या दोन्ही खुणा सापडतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बलराम मुळातच तापट, मद्यप्रिय. नांगर-मुसळ ही त्याची हत्यारे. त्याने डोके फोडले यात विशेष ते काय? पण मग ज्याने रुक्मीची बाजू घेऊन कृष्णाला झापले तो कोण होता? महाभारतात तर हाच बलराम भारतीय युद्धाकडे पाठ फिरवून तीर्थयात्रेला जातो. गंमत म्हणजे युद्धाबाहेर राहिलेला दुसरा मोठा योद्धा रुक्मीच. आधी अर्जुनाला आणि मग दुर्योधनाला, भीती वाटत असेल तर मी मदत करतो, असे म्हणाल्यामुळे दोघांनीही त्याला वाटेला लावले. शल्यपर्वात भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणली तेव्हा कमरेखाली मारणे अधर्म म्हणून नांगर उगारून धावतो तोही बलरामच, आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळून आवरतो कृष्ण. थोरल्या भावापुढे धाकट्याने काय बोलावे, हा भोजकटच्या मौनाचा बचाव इथे लंगडा पडतो. कृष्णाला थोरल्याला आवरता येत होते. जिथे आवरणे सोयीचे होते तिथे त्याने आवरले. आणि बलरामाचा स्वभावही ठाम नाही. एका कथेत तो नियमांचा रखवालदार आहे, दुसरीत दंडुकेवाला. बदलते ती नायकाची अडचण.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कृष्णाला हात स्वच्छ ठेवायचेच नव्हते. कंस त्याने स्वतः मारला, शिशुपालाचे शिर भर राजसूय यज्ञात उडवले. मग रुक्मीपुरते हे सोवळेओवळे कशाला? हे खरे आहे, आणि म्हणूनच कथेला नेमके काय झाकायचे आहे ते स्पष्ट होते. कृष्णाची अहिंसा झाकायची नाही, तशी ती नव्हतीच. झाकायचे आहे ते नवऱ्याचे बायकोशी असलेले इमान. कंसाला मारताना कोणी पायाशी पडलेले नव्हते. नायकाचे सोवळे प्रत्येक ठिकाणी सारखे नसते, आणि सोबत्याची नेमणूक नेहमी त्या ठिकाणापुरती होते. परदेशातले एक उदाहरण ताडून पाहता येईल. एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीच्या 1596 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेअरी क्वीन’च्या पाचव्या खंडात न्यायाचा सरदार आर्टेगल फिरतो, आणि त्याच्यासोबत टॅलस नावाचा लोखंडी माणूस, हातात लोखंडी झोडपणे घेऊन. माणसे टॅलस झोडपतो, न्याय आर्टेगलच्या नावावर जमा होतो. स्पेन्सर स्वतः आयर्लंडमध्ये इंग्रज सत्तेचा चाकर होता, त्यामुळे अशा लोखंडी गड्याची गरज त्याला का भासली हे सांगायला नको. आपल्या कथाकारांनी हे काम यंत्राला दिले नाही, सख्ख्या भावाला दिले. लोखंडाला जाब विचारता येत नाही. भावाला विचारता येतो, आणि न विचारणे हे मग उघडे पडते.

मराठी कवींनी यावर सोपा उपाय काढला: गोष्ट लग्नापाशी थांबवली. रिद्धपूर इथे, म्हणजे याच जिल्ह्यात, महदाइसेने गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात धवळे गाइले ते कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राने रुक्मिणीस्वयंवर रचले, 1571 साली एकनाथांनी काशीत त्याच नावाचा ग्रंथ पूर्ण केला, आणि लग्नाळू मुलींनी त्याची पारायणे करावीत अशी रीतच पडली. स्वयंवराच्या काव्यात पुढचा खून कसा यावा, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण कोणती गोष्ट वारंवार गायची आणि कोणती पोथीत मिटून ठेवायची, ही निवडही समाजाचीच असते. कौंडिण्यपूरची रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. भोजकटच्या लग्नाची आठवण कोणी काढत नाही.

जैनांनी मात्र हिशेब उघडून ठेवला, आणि भातकुलीच्या मंदिराच्या दृष्टीने हे फार लक्षणीय आहे. जैन पुराणांत प्रत्येक कालचक्रार्धात 9 बलदेव, 9 वासुदेव आणि 9 प्रतिवासुदेव होतात. बलदेव थोरला, शांत. वासुदेव धाकटा, लढणारा. प्रतिवासुदेव शत्रू, जो आपल्याच चक्राने वासुदेवाच्या हातून मरतो. म्हणूनच विमलसूरीच्या ‘पउमचरिया’त रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. रामाला मोक्ष मिळतो, लक्ष्मण नरकात जातो. जिनसेनाच्या ‘हरिवंशपुराणा’त (शके 705, म्हणजे इ. स. 783) जरासंधाला मारणारा कृष्ण वासुदेव आहे आणि बलराम बलदेव. भोजकटच्या जोडीची इथे सरळ उलटापालट होते: सज्जन नायक बलराम, हिंसक सोबती कृष्ण. आणि केलेल्या हिंसेचे फळ म्हणून कृष्णाला तिसऱ्या नरकात जावे लागते. हा निव्वळ पंथद्वेष, असे म्हणणे सोपे आहे. जैन ग्रंथकारांना वैदिक पुराणांची टर उडवायची हौस होती, यात शंका नाही. हरिषेणाने दहाव्या शतकात अचलपुरात लिहिलेल्या ‘धम्मपरिक्खे’चा सारा डाव तोच आहे. पण नुसताच द्वेष असता तर कृष्णाला नरकात टाकून ते मोकळे झाले असते. तसे नाही, हाच कृष्ण पुढे तीर्थंकर होणार आहे. शिवाय कृष्ण मेल्यावर बलराम त्याचे प्रेत सहा महिने खांद्यावर घेऊन फिरतो, तो मेला हे मानायलाच तयार होत नाही. अंत्यसंस्कार आणि पुढची बलरामाची तपश्चर्या नाशिक जिल्ह्यातल्या मांगी-तुंगीच्या डोंगरावर झाली असे जैन सांगतात. म्हणजे सज्जन नायकाच्या स्वच्छतेची किंमत कोणीतरी मोजली आहे, ती किती आणि कुठे, हे या परंपरेने लिहून ठेवले. सोबत्याला गप्पपणे वापरून सोडले नाही. जैन गणितही निर्दोष नाही. लक्ष्मणाच्या चक्राशिवाय सीता घरी आली नसती, आणि मोक्ष मात्र रामाला. हा अन्याय त्यांनी मिटवला नाही, फक्त लपवला नाही.

पुराणकारांचे मौन आणि जैनांचा हिशेब यांनंतर तिसरा निकाल याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या खुनातून निघाला. चिखलदऱ्याच्या दरीत भीमाने कीचकाला फेकले असे मेळघाटात सांगतात. तिथले भीमकुंड दाखवले जाते. विराटपर्वात कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो तेव्हा धर्मराज, कंक या नावाने, फाशांपाशी बसलेला असतो. तो भीमाला खुणेने दाबतो आणि द्रौपदीला सांगतो की तू इथे थांबून खेळात व्यत्यय आणतेस. ती रात्री स्वयंपाकघरात जाते, भीमाकडे. पुढच्या रात्री कीचकाचे हातपाय, मुंडके धडात कोंबलेला मांसाचा गोळा सापडतो. हेच कथानक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात नेमस्त आणि भीमात जहाल. पुराणात भीम धर्मराजाची अडचण निवारतो आणि धर्मराज धर्मराजच राहतो. ‘कीचकवधा’त टाळ्या भीमाला पडत होत्या आणि थिएटरात बसलेल्याला फाशांपाशी बसलेल्या माणसाची लाज वाटत होती. सरकारने 1910 साली नाटकावर बंदी घातली. बंदी घालणाऱ्यांनी नाटक मराठी टीकाकारांइतकेच नीट वाचले होते: कीचक रंगभूमीवर त्याआधीही मेला असेल, पण त्याला मारणाऱ्याला आता धर्मराजाच्या परवानगीची गरज उरली नव्हती.