माथेरानच्या वाटेवर ओझं कुणी ओढलं?

पोस्ट थोडी मोठी आहे, पण आपल्या शेजारच्या डोंगराची आहे. शेवटपर्यंत वाचा.

लहान पोरं, गुडघे दुखणारी आजी, असं सगळं घर घेऊन चालायला कुठे जावं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, दस्तुरी नाका ते माथेरान बाजारपेठ. अडीच-तीन किलोमीटर, दमवणारा चढ नाही, वर झाडांची सावली, जवळून मिनी ट्रेनचे रूळ. आणि मुख्य म्हणजे मागून हॉर्न वाजत नाही. आता पेव्हर ब्लॉकमुळे बाबागाडीही ढकलत नेता येते.

याच पेव्हरवरून आपल्याकडे दोन तट पडलेत. एक म्हणतो, लाल मातीचं माथेरान गेलं. दुसरा म्हणतो, चिखलात आम्ही किती दिवस मरायचं? दोघांचं ऐकण्याआधी या वाटेचा इतिहास बघू.

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान 'शोधलं', असं आपण शाळेपासून ऐकतो. पण ठाकर, कातकरी, धनगर या डोंगरात आधीपासून राहत होतेच की! मॅलेट वर आला तोही त्यांच्याच पायवाटांनी. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने लक्ष घातलं, बंगले उठले, मुंबईचे साहेब आणि शेटलोक हवा खायला येऊ लागले. ते वर यायचे घोड्यावरून नाहीतर पालखीतून. पालखी आपोआप चढत नाही, ती माणसांच्या खांद्यावरून चढते.

मग आली रेल्वे. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पैसा लावला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम पुरं केलं आणि १९०७ साली नेरळहून २१ किलोमीटरची गाडी सुरू झाली. पाहुण्यांची सोय झाली. पण स्टेशनपासून बंगल्यापर्यंत सामान डोक्यावरच राहिलं. पावसाळ्यात गाडी बंद, तेव्हाही भिस्त माणसावर आणि घोड्यावरच. २००५ च्या २६ जुलैला रूळ वाहून गेले आणि गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं. त्या काळात माथेरान कुणी जगवलं, हे वेगळं सांगायला नको.

या कष्टकरी माथेरानचाच एक मुलगा म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल. १९१२ चा जन्म, गरीब नाभिक कुटुंब, शिकून वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हौतात्म्य पत्करलं. स्वातंत्र्य आलं, पण त्यांच्या गावात माणसाने माणसाला ओढणं पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिलं.

इथे मोटारींना बंदी आहे, ती हवीच. २००३ मध्ये केंद्राने माथेरान इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं म्हणून आज ही झाडं दिसतात. पण मोटार नको म्हटलं की तिचं काम कुणीतरी करायचं असतं. ते काम हातरिक्षावाल्यांनी केलं. एकजण पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो, आत बसलेला फोटो काढतो. लाल माती आपल्याला छान वाटते, कारण आपण तिच्यावरून रिकाम्या हाताने चालतो. मुसळधार पावसात, घोड्यांच्या लिदीत कालवलेल्या चिखलातून तीच वाट रिक्षा ओढणाऱ्याला कशी लागत असेल?

म्हणून ऑगस्ट २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा ही प्रथा अमानवी ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करून त्याच चालकांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. पेव्हरचा वादही तिथेच मिटवला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाहीत.

माझ्या मते ही वाटणी बरोबर आहे. एक वाट पक्की असावी, म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणूस आणि ओझं वाहणारा यांच्यासाठी. बाकी पॉइंटांकडच्या वाटा मातीच्याच राहू द्या, म्हणजे पाणी मुरेल आणि झाडांची मुळं जगतील. एकदा पेव्हर आला म्हणून उद्या प्रत्येक पॉइंटपर्यंत तो नेण्याची मागणी झाली, तर तिला मात्र आपण ठाम नाही म्हटलं पाहिजे.

दुसरी गोष्ट ई-रिक्षांची. डिसेंबर २०२२ मध्ये त्या आधी प्रयोग म्हणून आल्या. त्या ज्यांनी आयुष्यभर ओढलं त्यांच्याच हातात जायला हव्यात, बाहेरून पैसेवाला येऊन दहा गाड्या टाकून मोकळा व्हायला नको. यावर लक्ष ठेवणं आपलं काम आहे.

पुढच्या रविवारी पोरांना घेऊन या वाटेने जरूर चाला. पाण्याच्या बाटल्या परत आणा, घोड्यांना वाट द्या. आणि चालता चालता पोरांना सांगा की ही वाट सोपी कुणी केली.

तुमच्या घरात कुणी माथेरानला हमाली केली असेल, रिक्षा ओढली असेल, तर त्यांच्या आठवणी खाली लिहा. हा इतिहास बंगल्यांच्या पाट्यांवर सापडणार नाही.