विहिरीतलं कासव आणि टबातलं कासव

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस जयगडजवळच्या एका वाडीतून एक आजी आपल्या अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) तीन दिवस ताप, पोटात कळा, पातळ जुलाब आणि त्यात थोडं रक्त. घरात बाकी कुणालाही काही झालेलं नव्हतं. शौचाची तपासणी रत्नागिरीला पाठवली, तर कल्चरमध्ये साल्मोनेला निघाला. अंडी, चिकन, बाहेरचं खाणं, सगळं विचारून झालं. शेवटी आजी म्हणाल्या, "मामाने मुंबईहून कासव आणलंय त्याला, पिटुकलं. टबात असतं. हा दिवसभर त्याच्याशीच खेळतो."

मी कासवाबद्दल थोडं कडक बोललो असेन, कारण त्यांचा पुढचा प्रश्न असा होता : "म्हणजे कासव पाळायला कायद्याने बंदी आहे का? आमच्या बावीत तर माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून कासव आहे."

त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना. घरी जाऊन थोडं वाचलं, तेव्हा लक्षात आलं की हा इतिहास आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातूनच सुरू करता येतो, आणि तो सुरू होतो आजच्या नेमका उलट टोकाला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार साप मारण्यासाठी बक्षीस देत असे. आपल्या सड्यांवर दगडांखाली फुरसं किती असतं हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. १८६२च्या डिसेंबरात या जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावलं, तेव्हा आठच दिवसांत एक लाखाहून जास्त मेलेली फुरशी सरकारदरबारी जमा झाली. बक्षीस चालू होतं त्या सहा वर्षांतली सरासरी वर्षाला दोन लाखांच्या वर जाते. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. विडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८९० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात विषारी सापांवर एक लेख लिहिला. आपल्या भागात सर्पदंशाने जी माणसं दगावतात त्याला नागापेक्षा हा वीतभर साप जास्त जबाबदार आहे, असं त्याचं म्हणणं होतं. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही आणि रुग्ण कधी कधी काही दिवसांनी दगावतो, त्यामुळे त्याचा दोष सापाच्या माथी नीट लागत नसे. डॉक्टर म्हणून मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं.

म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दलचा आपल्या जिल्ह्यातला हा जुना सरकारी हुकूम सार्वजनिक आरोग्यासाठीच होता. फक्त त्याची रीत 'दिसला की मारा' अशी होती.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं साप, कासव, घोरपड कुणी पकडावं, कुणी पाळावं याला फारशी आडकाठी नव्हती. गारुडी दारोदार फिरत. सापांची कातडी लाखांनी परदेशी जात. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ बराच रुंद आहे. मारणं तर त्यात आलंच, पण पकडणं, सापळा लावणं हेसुद्धा शिकारच. शिवाय कायदा मोडून पकडलेला किंवा ठेवलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. १९७६ साली सापाच्या कातड्यांची निर्यातही थांबली.

या कायद्यातली एक तरतूद डॉक्टर मंडळींनाही सहसा माहीत नसते. कलम १२मध्ये काही खास कामांसाठी परवाना देण्याची सोय आहे, आणि त्यात जीवरक्षक औषधासाठी सापाचं विष काढण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषांवर चालणारी जी लस सर्पदंशानंतर आपण टोचतो, ती या दारातूनच येते. ज्या जिल्ह्यात फुरसं मारायला पैसे मिळत होते, तिथे ते विनापरवाना पकडणं आता गुन्हा आहे, आणि त्याच्याच विषावर औषधाचा कारखाना चालतो.

घरात साप ठेवण्याची आपल्या राज्यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र सह्याद्रीच्या पलीकडची, सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची. नागपंचमीच्या आधी तिथे गावकरी रानातून जिवंत नाग पकडून आणत, मडक्यांत ठेवत, सणाच्या दिवशी त्यांची पूजा आणि मिरवणूक होई आणि नंतर नाग सोडून देत. गावाच्या दृष्टीने ही श्रद्धा. १९७२च्या कायद्याच्या दृष्टीने मात्र पकडणं म्हणजेच शिकार. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचा सण बंद पडला. लोक प्रतिमेची पूजा करू लागले. २०२५ साली केंद्राने अभ्यास आणि लोकशिक्षणाच्या कारणासाठी २१ नाग पकडण्याची परवानगी दिली. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. माझ्यासारख्याचं लक्ष दुसरीकडेच जातं : त्या काही दिवसांत सर्वांत जवळच्या दवाखान्यात लस किती आहे?

आता टबातल्या कासवाकडे येतो. त्यासाठी थोडं अमेरिकेत जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लहान मुलांना नाण्याएवढी कासवं भेट देण्याची टूम निघाली. स्वस्त, शांत, भुंकत नाहीत, चावली तरी काही कळत नाही. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला सुखाने राहतो. त्यांना त्याने काहीच होत नाही. तो विष्ठेतून पाण्यात उतरतो, पाण्यातून कवचावर, कवचावरून मुलाच्या हातावर आणि हातावरून तोंडात. १९७०च्या सुमारास त्या देशात पाळीव कासवांमुळे वर्षाला अंदाजे २,८०,००० जणांना हा संसर्ग होत होता. म्हणून १९७५ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा कमी लांबीचं कवच असलेल्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. चारच इंच का? तर त्याहून मोठं कासव लहान मूल तोंडात घालू शकत नाही, एवढा साधा हिशोब. बंदीमुळे मुलांमधले वर्षाला लाखभर संसर्ग टळले असं मानलं जातं.

या बंदीने कासवाला काही दिलं नाही, आणि ते तिचं कामही नव्हतं. तो मुलांसाठीचा नियम होता. आपला १९७२चा कायदा बरोबर याच्या उलट, प्राण्यांसाठीचा. दोन्हींच्या मधल्या फटीतून जे निसटलं ते आपल्या आजींच्या टबात येऊन बसलं.

त्याचं असं झालं. अमेरिकेत लहान कासवं विकायला बंदी आली, पण बाहेर पाठवायला नव्हती. लुइझियानातल्या शेतांवर वाढवलेली, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ही कासवं जगभर गेली. युरोपीय संघाने १९९७ साली त्यांची आयात थांबवली, पण कारण वेगळं : मोठी झाली की लोक ती तळ्यात सोडतात आणि ती तिथल्या कासवांना हुसकावतात. आपल्याकडे मात्र १९७२च्या कायद्याच्या याद्या इथल्या प्राण्यांच्या होत्या. त्यामुळे चांदणी कासव पिशवीत सापडलं तर गुन्हा आणि लाल कानाचं कासव मत्स्यालयाच्या दुकानात काचेमागे उघड विकायला. इग्वाना आणि बॉल पायथनही असेच घराघरांत शिरले.

सरकारचं लक्ष या फटीकडे वळलं ते बऱ्याच उशिरा. जून २०२०मध्ये परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी सहा महिन्यांत आपणहून माहिती द्यावी, कागदपत्रं मागणार नाही, अशी योजना आली. डिसेंबर २०२२मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. इग्वाना, बॉल पायथन असे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतले प्राणी घरात असतील तर आता नोंदणी करावी लागते. तिचे नियम २०२४ साली आले. तळ्याविहिरींत घुसणाऱ्या परक्या जातींवर निर्बंध घालण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

हे सगळं वाचताना मी एक शब्द शोधत होतो : मूल. तो मला कुठे भेटला नाही. नोंदणीच्या कागदावर प्राण्याची जात येईल, मालकाचा पत्ता येईल, पण घरात पाच वर्षांखालचं बाळ आहे का, गरोदर बाई आहे का, कुणाची केमोथेरपी चालू आहे का, हे कुणी विचारणार नाही. ते मलाच विचारावं लागतं, आणि त्या दिवसापासून जुलाबाच्या प्रत्येक लहान रुग्णाला मी विचारतोही.

मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर बहुतेक वेळा चार-सात दिवसांत आपोआप बरं वाटतं. जलसंजीवनी पुरते, प्रतिजैविकाची गरजही सहसा पडत नाही. (हा टायफॉईड नव्हे. टायफॉईडचे जंतू त्याच कुळातले, पण ते माणसाकडूनच माणसाकडे येतात.) तान्ह्या बाळात मात्र जंतू रक्तात उतरू शकतात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंतही जातात. आमचा अडीच वर्षांचा पाहुणा दोन दिवस सलाईनवर राहून घरी गेला.

पुढच्या भेटीत आजींना दोन्ही कासवांची उत्तरं दिली. टबातलं कासव खाडीत किंवा बावीत सोडायचं नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्याचं काय करायचं ते विचारायचं. तोवर ते मुलापासून लांब ठेवायचं, टब मोरीत धुवायचा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही, आणि हात साबणाने. बावीतलं कासव आपल्या इथलंच, मऊ पाठीचं, आणि कायद्याने संरक्षित. ते कुणी पकडायचं नाही, विकायचं नाही, शहरातल्या नातेवाइकाला भेट द्यायचं नाही. पण तेही शेवटी कासवच. त्यामुळे बावीचं पाणी उकळून प्यायचं.

"पाणी आम्ही कधी उकळलं नाही," आजी म्हणाल्या. "कासव पाणी साफ ठेवतं ना, म्हणून तर ते तिथे सोडलंय."

कासव शेवाळ, किडे, मेलेले मासे खातं हे खरं. पण ते खाल्लेलं शेवटी त्याच पाण्यात जातं, हे मी त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या, आणि मग विचारलं की किती मिनिटं उकळायचं. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट, एवढं पुरतं.