अंगठ्याची कुळकथा

जुन्या मराठी कागदांत गावच्या पाटलाच्या नावापाशी बहुधा एक नांगर काढलेला सापडतो. पाटलाला लिहिता येवो न येवो, नांगर हीच त्याची सही. बलुतेदारही आपापल्या हत्याराची आकृती काढत. महजरावर, म्हणजे गावच्या निवाडापत्रावर, अशा निशाण्या पडल्या की गावाने साक्ष दिली असं धरलं जाई. खरं तर नांगर कुणीही काढू शकतो. एक नांगर दुसऱ्यासारखाच दिसतो. पण त्याची फिकीर कुणाला नव्हती, कारण निशाणी करणाऱ्याला बापजाद्यांपासून ओळखणारी माणसं तिथेच बसलेली असत.

नांगर गेला आणि त्याच्या जागी अंगठा आला. या अंगठ्याचं मूळ शोधत गेलं की वाट बंगालमधल्या खडीच्या एका कंत्राटापाशी पोचते.

तारीख २८ जुलै १८५८. आदल्या वर्षीच्या उठावाची राख अजून गरम होती. मुर्शिदाबाद जिल्ह्यात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण मुलकी अधिकारी होता. युरेनसचा शोध लावणाऱ्या हर्शेलचा हा नातू. आजोबांनी आभाळ न्याहाळलं, नातवाने रयतेचे तळहात. रस्त्याच्या खडीसाठी त्याने राज्यधर कोनाई या माणसाशी करार केला आणि कचेरीच्या शिक्क्याची शाई लावून त्याचा उजवा पंजा कागदावर उमटवून घेतला. पुढे ही सही माझी नव्हेच, असं म्हणायची कोनाईची छाती होऊ नये, एवढाच हेतू. यात विज्ञान काही नव्हतं, होता तो धाक. आणि गंमत अशी, की करारपत्र कोनाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. आपण ज्याला अंगठाबहाद्दर म्हणून हसतो, त्याचा हा मूळपुरुष चांगला लिहिता-वाचता होता. अक्षर येत नाही म्हणून हा ठसा आला नाही. साहेबाचा शब्दावर विश्वास नव्हता म्हणून आला.

पण हर्शेल त्या ठशांच्या नादी लागला तो लागलाच. मित्रांचे, सहकाऱ्यांचे ठसे घेऊन वर्षानुवर्षं ताडून पाहू लागला आणि वय वाढलं तरी बोटांवरच्या रेषा बदलत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने ठसे तीन ठिकाणी लागू केले : दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन. मेलेल्या माणसाची पेन्शन दुसराच कुणी उचलतो, ही सरकारची जुनी डोकेदुखी. योजना सगळीकडे न्यावी असं त्याने वर लिहिलं. वरून काही हललं नाही.

तिकडे तोक्योतला स्कॉटिश मिशनरी डॉक्टर हेन्री फोल्ड्स जुन्या खापरांवर उमटलेली कुंभारांची बोटं बघून याच विषयाकडे वळला. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशावरून गुन्हेगार शोधता येईल, हे त्याने १८८० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. मग श्रेय कुणाचं यावरून त्याची आणि हर्शेलची जी जुंपली, ती कैक वर्षं चालली. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८९२च्या ग्रंथात गणित केलं : दोन बोटं तंतोतंत जुळण्याची शक्यता ६४ अब्जांत एक. गॉल्टनला खरं तर ठशांत वंश आणि कुवत वाचायची होती. ते काही त्यात सापडलं नाही. आपण सुटलोच म्हणायचं.

ठसा कायमचा असतो हे कळलं, तरी मोठा प्रश्न उरतच होता. कचेरीत हजारो पत्रकं साठली, तर समोरच्या माणसाचं नेमकं पत्रक हुडकायचं कसं? नावावरून शोधावं, तर सराईत माणूस नाव खोटंच सांगणार. हा गुंता सुटला कलकत्त्यात. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन फौजदार होते. हक गणिताचे विद्यार्थी. लहानपणी आपण सगळ्यांनी बोटांवरची चक्रं मोजली आहेत. पद्धतीचा पाया तोच. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६ गुण, मग ८, ४, २ आणि शेवटी १. चक्र नसेल तर शून्य. जोडीतल्या एकेका बोटाची वेगळी बेरीज करून प्रत्येकीत एक मिळवायचा. दोन्ही बेरजा १ ते ३२ या दरम्यान येतात. म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १,०२४ खण. कैदी नाव काहीही सांगो, त्याची बोटं आपला खण स्वतःच सांगतात. संगणक यायच्या कितीतरी आधीची ही करामत. जगात ती ‘हेन्री पद्धत’ म्हणून गेली. हक-बोस यांना पुढे कित्येक वर्षांनी सरकारी किताब मिळाले, पद्धतीला नाव मात्र साहेबाचंच राहिलं.

१८९७ साली कलकत्त्यात ठसेघर उघडलं. त्याच सुमारास जलपायगुडीला चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला आणि तिथल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेला डाग सापडला. तो पूर्वी चोरीत शिक्षा भोगलेल्या एका नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. कोर्टाने चोरी शाबीत धरली, खून नाही. खून होताना तर कुणी पाहिलेलं नव्हतं! मला हे कोर्ट शहाणं वाटतं. ठसा सांगतो की हात तिथे लागला होता. हाताने काय केलं, ते तो सांगत नाही. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात ठशांच्या तज्ज्ञाला जागा मिळाली, १९०१ साली हेन्री स्कॉटलंड यार्डात गेले. गुन्हे शोधायचं हे तंत्र हिंदुस्थानातून विलायतेला गेलं, उलट नव्हे.

मग ते वसाहतींत फिरलं. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांनी दहाही बोटं द्यावीत असा कायदा निघाला, तेव्हा गांधीजींनी हेन्रींचं पुस्तक चाळलं. दहा बोटं फक्त गुन्हेगारांकडून घेतात, हे त्यांनी त्यात वाचलं. सत्याग्रह या शब्दाच्या जन्मामागे बोटांना लागणारी ही शाई आहे. पुढे तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सशी समझोता होऊन ते आपण होऊन ठसे द्यायला निघाले, तेव्हा १९०८च्या फेब्रुवारीत संतापलेल्या पठाणांनी त्यांना वाटेतच झोडपलं. सक्तीने देणं आणि मनाने देणं यांतला फरक त्या पठाणांना पटलेला नव्हता. मलाही तो दर वेळी पटतोच असं नाही.

इकडे १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या माणसांचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्म झाला म्हणून. या जमातींना डांबायच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. कायदा रद्द झाला १९५२ साली. संशय अजून रद्द व्हायचा आहे.

ठसा चुकतच नाही, या समजुतीला धक्का बसायला २००४ साल उजाडावं लागलं. माद्रिदच्या रेल्वे स्फोटांतला एक ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचाच आहे, असं एफबीआयने ठामपणे सांगितलं आणि त्याला कोठडीत टाकलं. स्पॅनिश पोलिसांनी तोच ठसा एका अल्जेरियन माणसाशी जुळवला. २००९ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या अहवालाने साधंच विचारलं : जुळवणारा माणूस किती वेळा चुकतो, हे कुणी मोजलंय का? गॉल्टनने बोटांचं गणित केलं होतं. बोटं बघणाऱ्याचं करायचं राहून गेलं होतं.

आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. पूर्वी अंगठा निरक्षराचा होता. आता प्राध्यापकापासून ऊसतोड मजुरापर्यंत सगळ्यांचा झाला. फरक एवढाच, की प्राध्यापकाचा अंगठा मशीन घेतं. कोयता धरून, भांडी घासून, विटा वाहून ज्यांच्या रेषा झिजल्या, त्यांना रेशनच्या दुकानात अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा टेकवावा लागतो. आणि हर्शेलची पेन्शनची चिंता अजून तशीच आहे. दर नोव्हेंबरला आपण जिवंत आहोत हे सांगायला म्हातारी माणसं बँकेत जातात. काउंटरवरचा कारकून आजोबांना वीस वर्षं ओळखत असतो, नातवाची चौकशी करतो, पाणी देतो. मशीनवर लाल दिवा लागला की तोच म्हणतो, “आजोबा, जरा दुसरं बोट ठेवा.”