विनयातील शुश्रूषा आणि वृद्ध तृतीयपंथी

वृद्ध व रुग्ण यांची सेवा कोणी करावी, हा प्रश्न भगवान बुद्धांच्या संघातही उपस्थित झाला होता. महावग्गाच्या चीवरक्खंधकात अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा येते. त्याचा इतरांना उपयोग नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले. नंतर नियम झाला : उपाध्यायाने शिष्याची व शिष्याने उपाध्यायाची सेवा करावी, ज्याला कोणी नाही, त्याची सेवा संघाने करावी. न केल्यास दुक्कट दोष.

हा नियम भिन्न लिंगाच्या व्यक्तींना लागू पडतो काय? महाखंधकाने पंडक व उभतोव्यंजनक यांना उपसंपदा नाकारली आहे. हे झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मात्र पाराजिक कांडात दुसरी बाजूही आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झाले असता तथागतांनी तोच उपाध्याय, तीच उपसंपदा व तीच वर्षे कायम ठेवून तिला भिक्खुणीसंघात जाण्याची अनुज्ञा दिली. संघात वंदन व आसन वर्षांच्या ज्येष्ठतेनुसार ठरते. म्हणजे देह बदलला, पण वयाचा मान गेला नाही. मानवी कल्याण व विवेक ही बाबासाहेबांनी दिलेली कसोटी लावल्यास यांपैकी कोणते वचन आचरणात आणावे, हे सांगणे नको.

हिजड्यांच्या गुरु-चेला परंपरेत चेला गुरूचे म्हातारपण सांभाळतो. हे नाते उपाध्याय-शिष्य नात्याच्या जवळचे आहे. ज्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यानेच नोंदलेल्या 'नपुंसकां'चा दत्तक घेण्याचा व मृत्युपत्र करण्याचा अधिकार काढून घेतला. म्हातारपणीचा आधारच तोडला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली; परंतु ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुले व वारस यांच्याकडेच पाहतो. त्यात चेल्याचा उल्लेख नाही.

म्हणून विहारांतून शुश्रूषेचे शिक्षण देताना महावग्गातील सेवकाचे पाच गुण पाठ्यक्रम म्हणून घ्यावेत : औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न वाटणे आणि धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणे. चौथ्या गुणाचा अर्थ आज विस्तारावा लागेल. अंघोळ घालताना समोरचा देह अपेक्षेहून निराळा दिसला, तरी सेवकाचा हात थबकू नये. त्या व्यक्तीने स्वीकारलेल्या नावानेच तिला हाक मारावी, आणि तिची सेवा कोणी करावी हे तिलाच विचारावे. ज्याला कोणी नाही त्याचा संघ आहे, हे वचन अशाच ठिकाणी खरे ठरते.